खळगीत भरलेलं आणि भरून आलेलं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्या सरांच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांचा एक शिरस्ता होता. स्लाइड समोर आली की आधी दिसतं तेवढंच सांगायचं. पेशी कोणत्या, किती, कुठं बसल्यात, त्यांच्या शेजारी काय आहे. निदानाचा शब्द कुणी उतावीळपणे उच्चारलेला त्यांना खपत नसे. आजच्या विषयात हा शिरस्ता मी एकदा मोडला होता आणि त्याची किंमत एका बाईंना मोजावी लागली. ती हकिगत पुढं सांगणार आहे. सरांच्या नावानं बोलायला उभी राहिले आहे, तर ती इथं सांगणं मला भाग आहे.

मी ओरल पॅथॉलॉजिस्ट. दात काढण्याचं काम माझं नाही. दात काढल्यावर त्या जागी काय घडलं, ते काचेवर पाहण्याचं काम माझं. हल्ली दात काढायला गेलेल्या माणसाला खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं जातं, खळगीत बोन ग्राफ्ट भरायचा का? माणूस हो म्हणतो आणि घरी येऊन सांगतो, हाडाची पावडर भरलीय. शेजारीपाजारी विचारतात, कुणाच्या हाडाची? प्रश्न रास्त आहे. भरायचा पदार्थ चार ठिकाणांहून येऊ शकतो. रुग्णाच्या स्वतःच्या जबड्यातून खरवडलेलं हाड, दुसऱ्या माणसानं दान केलेलं आणि निर्जंतुक केलेलं हाड (मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशा ऊतींची पेढी आहे), गुराचं किंवा डुकराचं प्रक्रिया केलेलं हाड आणि चौथा, कारखान्यात भट्टीत तयार झालेला पदार्थ. या चौथ्यात हाड औषधालाही नसतं. तो असतो कॅल्शियम आणि फॉस्फेटचा क्षार, नाहीतर एका खास जातीची काच. मी आज बोलणार आहे ते या चौथ्या प्रकाराविषयी. हा निर्जीव रवा आपल्या जिवंत मांसाच्या शेजारी जाऊन बसतो, तेव्हा शरीर त्याच्याशी कसं वागतं?

आधी काहीच न भरलेली खळगी पाहू. दात निघाल्याबरोबर ती रक्तानं भरते आणि काही मिनिटांत गुठळी धरते. गॉजची घडी चावून धरा, आज चुळा भरू नका, थुंकू नका, असं डॉक्टर बजावतात ते या गुठळीसाठी. ती निसटली की भिंती उघड्या पडतात आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. गुठळी टिकली, तर आठवडाभरात तिच्या जागी लाल, कणीदार, नाजूक ऊती भरते. तिच्यात केसाहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तळाशी आणि भिंतींच्या कडेनं नवं हाड दिसू लागतं. हे हाड घाईचं असतं. त्याचे तंतू वाटेल त्या दिशेनं गेलेले असतात. सहा ते आठ आठवड्यांत खळगीचा बराचसा भाग अशा कच्च्या हाडानं भरतो. मग ते पाडून त्या जागी थराथराचं पक्कं हाड आणि मज्जा तयार होते. त्याला पुढं कित्येक महिने लागतात. माणसाच्या खळगीतल्या या क्रमाचं चित्र ॲम्लर यांनी १९६९ साली नीट मांडलं आणि त्याचा सांगाडा आजही तसाच शिकवला जातो.

म्हणजे खळगी आपली आपण भरते. मग पावडर कशाला?

खळगी आतून भरत असते, त्याच वेळी बाहेरून जबडा आत बसत असतो. दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंची टोकं हाडाच्या ज्या पातळ थरात रोवलेली असतात, तो थर दातापुरताच असतो. दात गेला की त्याला कामच उरत नाही आणि शरीर तो काढून घेतं. वरच्या पुढच्या दातांपुढची, ओठाकडची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि तिचा हिरडीकडचा काठ जवळजवळ याच थराचा बनलेला असतो. त्यामुळे ती भिंत विरघळावी तशी आखडत जाते. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६ रुग्णांच्या दाढा-उपदाढा काढल्यावर जबड्याची रुंदी वर्षभर मोजली. ती सुमारे बारा मिलिमीटरांवरून सहाच्या आसपास आली. निम्मी गेली. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांत झाली होती. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडात कवळी का डुगडुगायची, हे यावरून कळेल. आणि आता तिथं इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दात पेलणारा, स्क्रू बसवायचा असेल, तर सहा मिलिमीटरांच्या धारेवर तो बसवणं अवघड जातं.

ही पडझड थोपवायला खळगीत काहीतरी भरावं, हा विचार जुना आहे. हाडातल्या पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं भरल्याची नोंद जर्मनीत ड्रेसमान यांनी १८९२ साली केली. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा हाडासाठी वापर अमेरिकेत फ्रेड अल्बी यांनी १९२० साली केला. प्लॅस्टर फार लवकर विरघळतं. नवं हाड यायच्या आत ते नाहीसं होतं. १९८०च्या दशकात दुसरं टोक गाठलं गेलं. दाताच्या मुळाच्या आकाराचे हायड्रॉक्सीॲपटाइटचे घट्ट शंकू थेट खळगीत ठोकून बसवायला सुरुवात झाली. ते विरघळत नव्हते, पण कवळीचा दाब पडला की वरची हिरडी फाटून ते उघडे पडत आणि काढून टाकावे लागत. पुढं इम्प्लांट आले, तेव्हा अशा दगडासारख्या शंकूत ड्रिल चालवायचं तरी कसं, हाही प्रश्न उभा राहिला.

मधली वाट सापडली ती एका बसप्रवासात. लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठातले सिरॅमिकचे अभ्यासक. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यात लष्कराच्या एका परिषदेला जाताना त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल बसला होता. त्यानं विचारलं, माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ तुम्हाला करता येईल का? धातू आणि प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नव्हतं, आणि जवानांचे हातपाय कापावे लागत होते. हेंच हे स्वतः सांगत असत. त्यांनी साधा विचार केला. हाडाचा क्षार हायड्रॉक्सीॲपटाइट आहे. ज्या पदार्थाच्या अंगावर शरीरातल्या द्रवात आपोआप त्याच क्षाराची साय धरेल, त्याला शरीर परका मानणार नाही. १९६९ साली त्यांनी वाळू, सोडा, चुना आणि फॉस्फेट वितळवून एक काच केली. वजनानं ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस-साडेचोवीस टक्के सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं, आणि सहा टक्के फॉस्फरसचं. उंदराच्या मांडीच्या हाडात बसवलेला तिचा तुकडा सहा आठवड्यांनी ओढून निघेना. हाडाशी तो एकजीव झाला होता. खिडकीच्या काचेत सिलिका याहून कितीतरी जास्त असते, म्हणून ती पाण्यात शतकभर तशीच राहते. ही काच शरीरात गेली की तासाभरात बाहेरचं सोडियम सोडू लागते, वर सिलिकाचा चिकट थर धरते, आणि त्या थरावर कॅल्शियम-फॉस्फेट जमून त्याचे बारीक स्फटिक होतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिचे छोटे शंकू दात काढलेल्या खळगीत भरले गेले, आणि पुढं दाणेदार रूपात ती दंतवैद्यांच्या कपाटात आली.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत हायड्रॉक्सीॲपटाइटचे दाणे विकसित झाले. ते काम मला मोलाचं वाटतं, कारण आयात केलेल्या दाण्यांच्या बाटलीच्या किमतीमुळे जिल्ह्याच्या ठिकाणी हा उपचार पोचतच नव्हता.

आता मुद्द्यावर येते. दाणे पाव मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत असतात. उपम्याचा जाड रवा डोळ्यासमोर आणा. डॉक्टर ते रुग्णाच्याच रक्तात भिजवतात आणि खळगीत सैलसर भरतात. घट्ट दाबून चालत नाही, कारण दाण्यादाण्यांमध्ये फटी राहिल्या तरच त्यांतून रक्तवाहिन्या आत शिरतात. दाण्यांना स्वतःची छिद्रंही असतात. हाड आत शिरायला छिद्र निदान १०० मायक्रोमीटरचं, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढं असावं, असं धरतात.

रक्ताचा स्पर्श झाल्यावर काही सेकंदांतच दाण्यावर प्रथिनांचं अस्तर चढतं. शरीराच्या पेशी खरं तर दाण्याला कधी भेटतच नाहीत. त्या भेटतात या अस्तराला. पहिले एक-दोन दिवस पांढऱ्या पेशींची धावपळ असते. मग येतात भक्षक पेशी. या पेशींची ओळख जगाला झाली ती एका काट्यामुळे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनामध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काट्याभोवती हलत्या पेशींनी गराडा घातलेला. पुढं १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. मेसिनातला तो काटा आणि आपल्या जबड्यातला हा रवा, दोन्हींपाशी जमणाऱ्या पेशी एकाच कुळातल्या आहेत.

भक्षक पेशी कण गिळते. पण कण तिच्याहून दहा-वीसपट मोठा असला, तर ती काय करणार? मग अशा अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक प्रचंड पेशी होते. तिच्यात दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त केंद्रकं असतात. तिला आम्ही महापेशी म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती नजरेतून सुटत नाही. दाण्याच्या अंगाला चिकटून पसरलेली, गुलाबीसर, आत जांभळे ठिपके. शिकाऊ डोळ्याला ती हमखास सापडते, आणि पाठ्यपुस्तकात तिच्याखाली लिहिलेलं असतं, बाह्य पदार्थाविरुद्ध प्रतिक्रिया.

ती हकिगत आता सांगते. मला स्वतंत्रपणे काम करायला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका बाईंचा वरचा पुढचा दात अपघातात मुळातून मोडला होता. त्या शाळेत शिकवायच्या. डॉक्टरांनी दात काढून खळगीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट भरलं, आणि चार महिन्यांनी इम्प्लांटसाठी भोक पाडताना निघालेला हाडाचा बारीक दंडगोल माझ्याकडे पाठवला. पेन्सिलीतल्या शिशाएवढा जाड असतो तो. असा तुकडा आधी आम्लात मऊ करावा लागतो, नाहीतर पातळ काप निघत नाही. त्या आम्लात हाडाचा क्षार विरघळतो तसे भरलेले दाणेही विरघळतात. म्हणून काचेवर दाणा दिसत नाही, त्याची रिकामी जागा दिसते. पांढरीशुभ्र, तुटक्या कडांची. त्या बाईंच्या कापात अशा सात-आठ रिकाम्या जागा होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या काठावर महापेशी बसलेल्या होत्या. मी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, महापेशींसह बाह्य पदार्थाविरुद्ध प्रतिक्रिया. पुढच्या ओळींत बाकीचं वर्णन होतं, पण ते कोण वाचतो? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याचा अर्थ घेतला, शरीरानं पदार्थ झिडकारला. त्यांनी खळगी पुन्हा उघडली आणि आतलं सगळं खरवडून काढलं. ओठाकडची पातळ भिंत त्यात गेली. पुढं तिथं इम्प्लांट होऊ शकला नाही. दोन्ही बाजूंचे चांगले, धडधाकट दात घासून त्यांना ब्रिज बसवावा लागला.

सहा महिन्यांनी एका चर्चासत्रासाठी मी ती स्लाइड सरांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, की महापेशीच्या पाठीमागे काय आहे. मी पाहिलं. रिकाम्या जागेच्या एका काठाला महापेशी होती. त्याच जागेच्या दुसऱ्या काठाला, जिथून महापेशी पुढं सरकून गेली होती, तिथं कणसावर दाणे बसावेत तशा ओळीनं चौकोनी पेशी बसल्या होत्या. हाड बांधणाऱ्या पेशी. आणि त्यांच्याखाली नव्या हाडाची गुलाबी पट्टी होती. एक पेशी पदार्थ खात पुढं जात होती आणि दुसऱ्या तिच्यामागून हाड घालत येत होत्या. आपल्या सगळ्या सांगाड्यात जुनं हाड पाडून नवं बांधायचं काम जन्मभर याच पद्धतीनं चालतं. त्या बाईंच्या जबड्यात तेच सुरू होतं आणि आणखी दोन-तीन महिने मिळाले असते तर ते पुरं झालं असतं.

सर माझ्यावर रागावले नाहीत. ती स्लाइड त्यांनी शिकवणीच्या पेटीत ठेवून घेतली.

तेव्हापासून मी महापेशी दिसली म्हणून घाबरत नाही. तिच्या मागं काय येतंय ते बघते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा त्याचं मिश्रण असलेला पदार्थ भरला, तर या पेशी यायलाच हव्यात, नाहीतर दाणे जाणार कसे? त्यांपैकी काही खरोखरच हाड कुरतडणाऱ्या पेशी असतात, काही भक्षक पेशींच्या वंशातल्या. कोणती कोणती, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि नुसत्या रंगवलेल्या कापावरून ते नेहमी सांगता येत नाही. पण मागून हाड येतं की तंतू, हे सांगता येतं.

तंतू येतात ते चित्रही मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. दाण्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तंतूंचे थर, एकावर एक, घट्ट. रक्तवाहिन्या थोड्या. हाड दूर कुठंतरी खळगीच्या तळाशी. शरीरानं पदार्थ बाहेर टाकलेला नाही आणि आपलासाही केलेला नाही. वरून हिरडी छान भरलेली असते, एक्स-रेवर पांढरा ठसठशीत गोळा दिसतो, रुग्ण आणि डॉक्टर दोघं खूश असतात. तो पांढरेपणा हाडाचा आहे की दाण्यांचाच, हे एक्स-रे सांगू शकत नाही, कारण दोन्हींत कॅल्शियमच आहे. अशा जागी घातलेला स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटला तरी पुढं भरवशाचा राहत नाही.

एकाच पदार्थाला एका जबड्यात हाड मिळतं आणि दुसऱ्यात तंतू, हे का घडतं? पदार्थाच्या विरघळण्याचा वेग हे एक कारण. हायड्रॉक्सीॲपटाइट वर्षानुवर्षं राहतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून दीडेक वर्षात जातं. दोन्हींचं मिश्रण करून वेग साधायचा, हे काम रॅकेल लेजेरोस यांच्यासारख्या संशोधकांनी केलं. त्या फिलिपिन्सहून न्यूयॉर्कला गेलेल्या. आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत साठ-चाळीस असं प्रमाण लिहिलेलं दिसेल. पण नुसत्या रसायनानं उत्तर मिळत नाही. अराउजो आणि लिंडे यांनी २०१० साली कुत्र्यांच्या खळग्यांत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट भरून पाहिलं. पहिल्या काही आठवड्यांत दाणे तंतूंत अडकलेले होते आणि रिकाम्या ठेवलेल्या खळग्यांतच हाड जास्त पुढं गेलेलं होतं. उलट २००२ साली फ्रौम आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णांच्या खळग्यांचे तुकडे सहा ते आठ महिन्यांनी तपासले, तेव्हा हेंच यांच्या जातीची काच भरलेल्या जागी सरासरी ५९.५ टक्के जिवंत हाड होतं आणि काही न भरलेल्या जागी ३२.४ टक्के. पदार्थ वेगळा, प्राणी वेगळा, आणि मुख्य म्हणजे पाहण्याची वेळ वेगळी. चार आठवड्यांनी जो पदार्थ अडथळा वाटतो, तोच आठ महिन्यांनी आधार ठरलेला असू शकतो. म्हणून तारखेवाचून स्लाइड वाचणं मला गैर वाटतं.

एक गोष्ट दंतवैद्य मित्रांना आवडणार नाही, तरी सांगते. भरल्यानं जबडा बसायचा थांबत नाही, कमी बसतो. कॉक्रेन संस्थेनं २०२१ साली या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. भरलेल्या आणि न भरलेल्या खळगीत रुंदी-उंचीचा फरक निघाला तो सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा, आणि पुराव्याचा भरवसा त्यांनी अतिशय कमी दर्जाचा ठरवला. पुढच्या दातासाठी मिलिमीटर ही मोठी गोष्ट आहे. हसताना हिरडीची कड तेवढ्यानं वर-खाली दिसते. पण जाड भिंतीच्या खालच्या दाढेत, जिथं इम्प्लांट बसवायचाच नाही, तिथं प्रत्येकाच्या खळगीत पावडर ओतणं मला पटत नाही. तिथं रक्ताची गुठळी पुरेशी आहे, आणि ती फुकट मिळते.

आणि ज्या शरीरात हे भरायचं त्याच्याकडे कोण पाहतं? आपल्या भागात बायका तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. पुष्कळजणींना ती व्यसन वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तर त्या मनापासून नाही म्हणतात. मिश्री लावता का, असं विचारायला हवं. तंबाखूनं हिरडीतला रक्तपुरवठा आखडतो आणि रक्तवाहिन्या आत शिरल्याशिवाय हाड येत नाही. ताब्यात नसलेल्या मधुमेहात पहिली धावपळ लांबते, भक्षक पेशी दाह आवरता घेत नाहीत आणि बांधकाम सुरूच होत नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोग हाडात पसरला म्हणून काही रुग्णांना बिस्फॉस्फोनेट जातीची औषधं देतात. ती कुरतडणाऱ्या पेशींनाच थोपवतात. अशा माणसाच्या जबड्याला दात काढल्यावर जखम न भरून हाड मरण्याचा धोका असतो. हे डॉक्टरला दात काढण्याआधी कळलं पाहिजे.

शाकाहारी आणि जैन कुटुंबांतून मला नेहमी एक प्रश्न येतो. कृत्रिम म्हणजे त्यात प्राण्याचं काही नाही ना? दाण्यांपुरतं ते खरं आहे. पण दाण्यांवर झाकण म्हणून जो पडदा किंवा स्पंज घालतात तो पुष्कळदा कोलॅजेनचा असतो, आणि ते कोलॅजेन गाय, बैल नाहीतर डुकराचं असतं. ज्याच्या श्रद्धेला ते चालत नाही त्याला ते आधी सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. कृत्रिम पडदेही मिळतात.

आता शेवटची गोष्ट. माझ्या टेबलावर दर महिन्याला अशा खळग्यांचे तुकडे येतात. छोट्या बाटलीत, फॉर्मलिनमध्ये बुडवलेले. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: वय ४५, स्त्री, वरचा जबडा, बायॉप्सी. काय भरलं होतं ते नसतं. कधी भरलं ते नसतं. काचेखाली पांढऱ्या रिकाम्या जागा दिसतात आणि त्या कशाच्या, हे मला ठरवता येत नाही, कारण आम्लानं पुरावा धुऊन नेलेला असतो. महापेशी दिसली तर ती वेळेवर आलीय की उशिरापर्यंत रेंगाळलीय, तेही कळत नाही. फोन करावा तर दवाखान्यातली बाटली कधीच फेकून दिलेली असते.

म्हणून इथं बसलेल्या दंतवैद्यांना माझी विनंती आहे. तुकडा पाठवताना पदार्थाचं नाव आणि तो भरल्याची तारीख कागदावर लिहा, रुग्ण मिश्री लावतात का तेही लिहा, आणि माझा अहवाल पहिल्या ओळीवर न थांबता शेवटपर्यंत वाचा. आणि तुम्हा सगळ्यांना, ज्यांच्या तोंडात आज ना उद्या ही पावडर पडणार आहे: बाटलीबरोबर एक लहान चिकटपट्टी येते, तिच्यावर पदार्थाचं नाव आणि उत्पादनाचा क्रमांक छापलेला असतो. ती मागून घ्या, घरच्या फाइलला लावा आणि शेजारी तारीख घाला.